उन्हाळाभर उभी राहिलेली बुलेट परत रस्त्यावर आणताना

बाईक बरेच महिने उभी असेल तर परत चालू कशी करायची हे शोधायला गेलं की निम्मे व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशातले निघतात. तिकडं नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवायची, बॅटरी काढून घरात न्यायची आणि मार्च एप्रिलला बाहेर काढायची. आपल्या सोलापुरात उलटं आहे, थंडी म्हणजे गाडी चालवायचा खरा सीझन, हुरड्याचे दिवस, सकाळी सातला मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलं तर दुपारपर्यंत उन्हाचा त्रास नाही. आपल्या गाड्या उभ्या राहतात त्या उन्हाळ्यात. एप्रिल मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो, दुपारी टाकीला हात लावायची सोय नसते, आणि पत्र्याच्या शेडखाली गाडी असेल तर आतली गरमी विचारूच नका. त्यामुळं त्या व्हिडिओतलं सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू होत नाही, आपल्याकडं गाडीचं नुकसान थंडीनं होत नाही, उन्हानं आणि मग लगेच येणाऱ्या पावसाळी हवेनं होतं. हे डोक्यात ठेवलं की कुठं हात घालायचा आणि कुठं अजिबात घालायचा नाही हे कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमची गाडी १९९४ ची स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारी दोन छोटी टोकं). अण्णांची गाडी, पण त्यांच्या गुडघ्यामुळं आता त्यांना किक मारायला होत नाही, मी कामासाठी पुण्यात होतो, त्यामुळं पाडव्याच्या सुमारास कव्हर पडलं ते दिवाळीच्या तोंडावर निघालं. कव्हर काढल्या काढल्या शेजारच्यांपासून सगळ्यांचं एकच, मार की किक. मारली नाही. एका गॅरेजवाल्यानं तर गाडी न बघता फोनवरच सांगितलं की इतके महिने उभी आहे म्हणजे हाफ इंजिन करावं लागंल, पिस्टन बोअर सगळं. ते ऐकून अण्णांचा चेहरा पडला होता.

मग मी विजापूर वेशीकडच्या आमच्या चाचांकडं गेलो. माझ्या जन्माआधीपासून बुलेटवर काम करणारा माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, उभी करताना गाडी चांगली चालत होती का. म्हटलं हो, एकदम मस्त. "मग मालक, इंजिनला पाना लावू नका. चांगलं इंजिन उभ्या उभ्या खराब होत नाही. पेट्रोल खराब होतं, पॉइंट खराब होतो, रबर खराब होतं. आधी टाकी उतरवा."

ह्या एका वाक्यावर सगळं काम झालं, आणि मला हेच सांगायचंय. उभ्या गाडीचा आजार इंजिनच्या बाहेर असतो. पेट्रोल जिथून निघतं तिथून सुरू करायचं आणि एकेक गोष्ट नक्की करत पुढं जायचं, मधली एकही पायरी अंदाजानं सोडायची नाही. इंजिन उघडायची पाळी बहुतेक वेळा येतच नाही.

टाकीचं झाकण उघडलं की वासावरनंच कळतं. ताज्या पेट्रोलचा तो नाकात जाणारा झणका गेलेला असतो आणि वार्निशचा आंबूस वास येतो. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, त्यात हलके भारी असे बरेच घटक असतात, हलके आधी उडून जातात आणि थंड इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. उरलेलं हवा लागून हळूहळू बिघडतं आणि त्याचा चिकट थर बसतो, गरमीत हे सगळं अजून लवकर होतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ह्यातलं काही इथेनॉल उसापासनं येतं, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सोलापूरकराला सांगायला नको, शेतकऱ्याच्या उसाला अजून एक गिऱ्हाईक मिळालं ह्याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हे चालूच राहतं, आणि पाणी एका मर्यादेच्या पुढं गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतं. तळाला पाणी, वर पत्रा उघडा, म्हणजे गंज आलाच. शिवाय १९९४ च्या गाडीतलं रबर आणि वॉशर ह्या पेट्रोलसाठी बनवलेलेच नाहीत, ते फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात. माझ्या गाडीची पेट्रोलची नळी वाकवली तशी कट्कन मोडली. ती नळी गाडी चालू असताना गरम इंजिनवर फुटली असती तर काय, हा विचार करून बघा. बाकी काही नाही केलं तरी चालेल पण उभ्या गाडीची पेट्रोलची नळी बदला, किंमत फार नसते.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढलं. ते नव्यात मिसळून वापरायचा मोह होतो, मी म्हणतो नको, पार्ट धुवायला ठेवा. आत टॉर्च मारला तर तळाला तांबूस गंज, पत्रा मात्र शाबूत होता. अशा गंजाला पांढरं व्हिनेगर चालतं, पेट्रोलचा कॉक काढून भोक बूच लावून बंद करायचं, व्हिनेगर भरायचं, सायकलच्या जुन्या चेनचा एक तुकडा आत सोडायचा, मधून मधून टाकी हलवायची आणि रात्रभर ठेवायचं. काही लोक खडी टाकतात, ती कोपऱ्यात अडकून बसते आणि निघता निघत नाही, चेन कशी अखंड बाहेर येते. नंतर साध्या पाण्यानं धुवायचं, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं, कारण व्हिनेगरचा आंबटपणा आत राहिला तर पत्रा परत गंजतो. आणि हे झाल्यावर टाकी लगेच वाळली पाहिजे, दोन तास ओली राहिली तरी परत लाल होते. इथं मात्र सोलापूरचं ऊन आपल्या बाजूनं असतं, दिवाळीच्या दिवसातसुद्धा गच्चीवर टाकी पालथी ठेवली की बघता बघता कोरडी. वाळली की थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकून आतून सगळीकडं फिरवून घ्यायचं. व्हिनेगर बाहेरच्या रंगावर सांडू देऊ नका, आमच्या टाकीवर सोनेरी पट्ट्या अजून मूळच्या आहेत त्यामुळं मी वरून प्लॅस्टिक गुंडाळून घेतलं होतं.

मग कार्बोरेटर. ह्या गाडीला मिककार्बचा व्हीएम २४ असतो, साधा सरळ कार्बोरेटर, घरी उघडता येतो. फ्लोट चेंबर उघडला तर तळाला पेट्रोल काकवी होऊन बसलेलं. ह्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पायलट जेट, रेस न देता इंजिन चालू राहायला लागतं तेवढं पेट्रोल सोडणारा छोटासा पितळी तुकडा, त्याचं भोक सुईच्या टोकापेक्षा बारीक. उभ्या गाडीत पहिला तो बुजतो. गाडी चोकवर चालू होते आणि चोक बंद केला की मरते, किंवा रेस धरली तर चालते आणि सोडली की बंद, असं होत असेल तर बाकी काही शोधू नका, पायलट जेट काढा. कार्ब क्लीनर मारून भिजत ठेवायचं, मग हवा मारायची, डोळ्यासमोर उजेडाकडं धरून बघायचं, आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. आत जाड तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट वाया जातं आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. फारच झालं तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. जेटइतकंच बॉडीतल्या बारीक रस्त्यांकडं पण लक्ष द्या, जेट साफ आणि मागचा रस्ता बंद असं होतं आणि मग माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. फ्लोटची सुई नीट बसते का ते बघा नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन खाली टपकत राहतं. एअर स्क्रू मी आत हलकेच टेकेपर्यंत फिरवून तिथून दीड आटे बाहेर ठेवला, सुरुवातीला एवढं पुरतं, खरं सेटिंग इंजिन गरम झाल्यावर.

एक सोलापूरची खास गोष्ट. इथल्या प्रत्येक गॅरेजात हात पुसायला पावरलूमचं कॉटन वेस्ट असतं, स्वस्त आणि भरपूर मिळतं, हात आणि इंजिनची बाहेरची बाजू पुसायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण कार्बोरेटरला आणि पॉइंटला ते लावू नका, त्याचे तंतू सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. जुन्या धोतराचा धुतलेला कपडा घ्या. आणि तुमचं घर आमच्यासारखं पूर्व भागात लूमच्या मधे असेल तर एअर फिल्टर नक्की उघडून बघा. आमच्या फिल्टरवर सुताच्या भुग्याचा असा थर होता की हवा आत जायला जागाच नव्हती. फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलंय का तेही बघायचं, केलं असेल तर वायरिंगही तपासायचं, कुरतडलेली असतेच.

बॅटरीचं म्हणाल तर गरमीत ती दोन प्रकारे मार खाते, चार्ज आपोआप लवकर उतरतो आणि पाणी उडतं. बरेच महिने उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती चार्ज धरत नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर ती रिकामीच समजायची. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, नळाचं अजिबात नाही, आणि हळू चार्ज करायची, बॅटरीच्या अँपिअर अवरच्या एक दशांश करंटनं. आमची नाही वाचली, नवीन घेतली. पॉइंटच्या गाडीत स्पार्कची ताकद बॅटरीवर असते, त्यामुळं मरतुकड्या बॅटरीवर किका मारून स्वतःला दमवण्यात काही अर्थ नाही.

पॉइंट उघडले तर दोन्ही टोकांवर राखाडी थर. बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासून, मग कोरा जाड कागद दोन टोकांत धरून ओढायचा म्हणजे भुगा राहत नाही. गॅप फीलर गेजनं ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. अंदाजानं करू नका, फीलर गेज महाग नसतो आणि आयुष्यभर पुरतो. मग प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक, स्पार्क निळसर आणि टकटकीत पाहिजे, पिवळा आणि बारीक असेल तर कंडेन्सर आणि वायरची टोकं बघा. हे करताना प्लगच्या भोकापाशी पेट्रोल सांडलेलं नको, आगीशी खेळ नाही.

आता इंजिन, पण न उघडता. कास्ट आयर्न बुलेट उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातनं हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, ह्याला वेट सम्पिंग म्हणतात. मग काडी बुडवून बघितलं तर ऑइल कमी दिसतं, माणूस वरून भरतो, आणि चालू केल्यावर गाडी सगळं बाहेर ओकते. म्हणून उभ्या गाडीत ऑइल वरून टाकायचं नाही. क्रँककेसचं आणि टाकीचं दोन्ही ड्रेन उघडून जुनं सगळं काढा, जाळी आणि फिल्टर बघा, आणि नवीन २०डब्ल्यू५० भरा, सव्वादोन लिटरच्या आसपास जातं. आणि इथून पुढं लेव्हल नेहमी गाडी थोडा वेळ चालवल्यावर बघायची, तेव्हाच खरी कळते.

ऑइल भरलं की प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडलं, कारण इतक्या महिन्यात बोअरची भिंत कोरडी पडलेली असते. मग प्लग न लावता, इग्निशन बंद ठेवून, हातानं किक दाबत दाबत इंजिन फिरवलं. कुठंही अडकलं नाही, खरखर नाही. हाफ इंजिनची गोष्ट तिथंच संपली. मग जरा भराभर किका, आणि रॉकरकडं जाणाऱ्या पाईपचा बोल्ट थोडा सैल करून बघितलं तर ऑइलचा थेंब आला. तो दिसेपर्यंत गाडी चालू करायची नाही, हे चाचांचं सांगणं आहे आणि माझंही. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, म्हणजे पुशरॉडची, ढिलाई) थंड इंजिनवर बघायचे, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना पुशरॉड बोटानं गोल फिरला पाहिजे पण वर खाली हलायला नको. क्लच प्लेटा चिकटलेल्या असतात, क्लच दाबून धरून किक मारली की सुटतात, नाहीतर पहिला गिअर टाकला की गाडी हिसका देऊन बंद पडते.

चालू करायचा दिवस उजाडला तेव्हा अण्णा खुर्ची घेऊन अंगणात बसले होते. ताजं पेट्रोल, तेही दोनच लिटर. चोक लावला. किल्ली फिरवून किक हळू दाबत गेलो, अँपिअर मीटरचा काटा मायनसला जाऊन मधे येतो तिथं कॉम्प्रेशन लागतं, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून किक थोडी पुढं सरकवायची, सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण पायानं एक सलग किक. ही गाडी ताकदीवर चालू होत नाही, काट्याकडं बघून होते, अण्णांनी मला कॉलेजात असताना हेच शिकवलेलं. एकदा फुसकन आवाज करून थांबली, मग परत काटा मधे आणून मारली आणि लागली. सुरुवातीला निळा धूर भरपूर आला, सिलिंडरमध्ये टाकलेलं ऑइल जळत होतं, थोड्या वेळात धूर गेला. चोक काढल्यावर रेस वरखाली होत होती, म्हणून कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर पाण्याचा फवारा मारून बघितला, आवाज बदलला, म्हणजे तिथनं हवा ओढत होती. पॅकिंग बदललं, रेस शांत झाली. मग गरम इंजिनवर एअर स्क्रू पाव पाव आटा फिरवत जिथं सगळ्यात सलग चालते तिथं ठेवला. अण्णा खुर्चीवरनं उठून जवळ आले आणि स्वतःच्या हातानं अॅक्सिलेटर फिरवून बघितला, मला त्यातच सगळं मिळालं.

गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायला तयार झाली असं नाही. टायरवर बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तो वाचा, आणि बाजूच्या रबराला उन्हानं बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, टायर बदला. आमचा मागचा बदलला. ब्रेकचे ड्रम उघडून शू पॉलिश पेपरनं घासले, केबलांत ऑइल सोडलं, चेन साफ करून ताण बघितला. कागदपत्रं पण बघून घ्या, इन्शुरन्स आणि पीयूसी ह्या काळात संपलेले असतात, आणि १५ वर्षांच्या पुढच्या गाडीचं आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं.

पहिली चक्कर हिप्परग्याच्या तलावापर्यंत, जवळ आहे आणि काही झालं तर ढकलत आणता येते. परत येऊन सगळे नट बोल्ट परत आवळले, एक दोन सैल झालेलेच होते. दुसऱ्या दिवशी तुळजापूर, खास घाटासाठी. सपाट रस्त्यावर बुलेट काहीही लपवते, चढाला लपवू शकत नाही, मेन जेटला पेट्रोल कमी पडत असेल किंवा टायमिंग मागं असेल तर तिथं दम तोडते. तिसऱ्या गिअरवर डगडग करत वर चढली, कुठं अडखळली नाही. वर जाऊन देवीचं दर्शन घेतलं, बाहेर येऊन प्लग काढून बघितला, विटकरी रंग. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर कमी आणि इंजिन तापतंय असं समजायचं.

पुढच्या वर्षी मला परत बाहेर राहावं लागणार आहे, तेव्हा कसं करायचं ते अण्णांशी बोलून ठरवलंय. महिन्या दोन महिन्यांसाठी असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची म्हणजे आत हवेला आणि पाण्याला जागा राहत नाही, आणि कॉक बंद करून फ्लोट चेंबर मोकळा करायचा. जास्त दिवस असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आत ऑइल फिरवायचं. ऑइल उभी करायच्या आधी बदलायचं, नंतर नाही, कारण जुन्या ऑइलमधला ओलावा आणि आम्ल महिनोन् महिने बेअरिंगवर बसून राहतं. बॅटरी काढून घरात, महिन्यातनं एकदा चार्ज. प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरतं, त्यापेक्षा आपली जुनी सोलापुरी चादर बरी, हवा खेळती राहते. आणि अधेमधे नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय चांगली नाही, इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि आत पाणी धरतं, चालवायची तर चांगली अर्धा तास चालवा नाहीतर हात लावू नका.

आता राहिलंय ते किरकोळ आहे, स्पीडोमीटरची केबल आणि पुढच्या ब्रेकच्या लायनरमधला थोडा आवाज. लायनर चाचांनी मागवलेत, आले की बसवून गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) आधी एकदा अण्णांना मागं बसवून अक्कलकोटला जाऊन यायचंय.